होडीवरच्या मोबाइलची चुगली

मित्रांनो, मी रेवदंड्याच्या हरेश्वर कोळ्याचा जुना मोबाइल आहे. खाऱ्या वाऱ्याने माझी बटणे गंजली आहेत, काच तडकली आहे. तरी माझी हकीकत ऐका.

अलिबागच्या दुकानातून मी थेट होडीवर आलो. हरेश्वर मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवी. समुद्रात पाण्याखाली एक खडक होता. तिथे घोळ मासा हमखास लागे. कोरलईचा किल्ला आणि मागच्या डोंगराचे टोक एका रेषेत आले की ती जागा सापडे. हे फक्त हरेश्वरला आणि त्याचा जोडीदार बुधाजीला ठाऊक होते. दोघे लहानपणापासून एकाच होडीवर जात.

धुक्यात किल्ला दिसत नसे, म्हणून हरेश्वरने माझ्यात एक फुकटचे ॲप घेतले. ते जागेची खूण करून ठेवी. 'तुमची माहिती फक्त तुमचीच,' असे कंपनीने मराठीत ठळक लिहिले होते. खालचा लांबलचक इंग्रजी मजकूर न वाचता त्याने 'मान्य' दाबले. त्यानंतर किनाऱ्याला रेंज आली की कंपनी माझ्यातून ती खूण गुपचूप उचलून नेई.

पुढच्या हंगामात त्या खडकाभोवती परक्या, मोठ्या बोटी जाळी टाकून उभ्या राहिल्या. हळूहळू तिथली घोळ संपली. जागा दोघांनाच ठाऊक, आपण तर बोललो नाही, असा हिशेब करून हरेश्वरने बंदरावर सगळ्यांदेखत बुधाजीला फितूर म्हटले. आपण कुणाला सांगितले नाही, असे बुधाजी एकदाच म्हणाला आणि डबा उचलून होडीवरून उतरला. त्या बोलानंतर गावात त्याला कुणी कामावर घेईना. तो उरणजवळ करंजा बंदरावर निघून गेला. मी खिशातच होतो. मला सगळे माहीत होते, पण खरे बोलायची सोय माझ्यात कुणी केलेली नाही.

पुढे हरेश्वरची मुलगी रचना हिला त्याच कंपनीची जाहिरात दिसली. मासळीच्या खात्रीच्या जागा मोठ्या बोटवाल्यांना विकायला काढल्या होत्या. नकाशावर बापाचा खडक होता. तिने कंपनीला जाब विचारला. तुम्हीच परवानगी दिली होती, असे उत्तर आले.

हरेश्वर करंज्याला गेला. बुधाजी फाटके जाळे सांधत होता. हरेश्वरने मला त्याच्यापुढे ठेवून सगळे सांगितले, हात जोडले. बुधाजीने जाळे खाली ठेवले.

"याच्यावर तू न वाचता इस्वास ठेवलास," तो म्हणाला. "माझ्यावर तुला ठेवता आला न्हाय."

मग तो पुन्हा जाळ्याकडे वळला. हरेश्वर एकटाच परतला. आता होडीही तो एकटाच ढकलतो.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. आमच्या काचा तुम्ही रोज पुसता. आमच्या पोटात घरची गोष्ट ठेवण्याआधी एवढेच पाहा, की ती फुटली तर आळ कुणावर येईल. कंपनीवर तो कधी येत नाही.