आधी रक्त, मग गोळी

गारखेड्याच्या घरात आज पहाटेही बांगड्या वाजल्या, आणि ज्ञानेश्वरीनं डोळे घट्ट मिटून घेतले. थायरॉइडच्या गोळीची ही वेळ. सासू, सुगंधाबाई, रोज याच वेळी तिला उठवायची, तळहातावर गोळी ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची, आणि रिकामा झाला की उशाशी पालथा घालायची. पण सुगंधाबाई जाऊन वर्ष होत आलं. आता बोला!

म्हातारीचा जीवच त्या गोळीत अडकलेला. ज्ञानेश्वरीला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा तिनंच फर्मान काढलं होतं, "उपासाला गोळी नाय घ्यायची, उपास मोडतो." त्यात श्रावण, म्हणजे एकाआड एक उपास. पुढं पोटातलं लेकरू गेलं. सुगंधाबाईनं स्वतःला कधीच माफ केलं नाही. ती गेल्यावर कायगावला, गोदाकाठी, तिच्या दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, भावकी कंटाळली. शेवटी ज्ञानेश्वरीच हात जोडून पुढं झाली, "आत्याबाई, गोळी एक दिवस बी चुकवणार नाय." तसा कावळा झडप घालून आला.

आणि आज डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, आधी रक्त द्या, मगच गोळी. मागच्या तपासणीला सासूला दिलेल्या शब्दापायी ती गोळी गिळूनच गेली होती, वर लॅबमध्ये साफ खोटं बोलली होती. पण आता पुन्हा दिवस राहिले होते. रिपोर्ट चुकला तर गोळीचं माप चुकणार, आणि भोगणार कोण? पोटातलं!

बांगड्या पुन्हा वाजल्या, अगदी कानाशी. ती उठून बसली.

"आत्याबाई, लई भ्या वाटतंय मला," ती अंधारात म्हणाली. "पण उपासाच्या वेळी मी तुमचं ऐकलं, आज तुम्ही माझं ऐका. गोळी चुकवत नाय, सोबत नेते."

रात्री उशाशी भरून ठेवलेला पेला तसाच सोडून, घराला कुलूप लावून ती नवऱ्याच्या, रामेश्वरच्या, गाडीवर बसली.

"गोळी घेतली नाही ना?" लॅबमधल्या पोरीनं विचारलं.

"नाय," ती म्हणाली, आणि या वेळी ते खरं होतं. रक्त दिलं, हातावर कापूस दाबला आणि तिथंच बाकड्यावर बसून गोळी गिळली.

परत आल्यावर रामेश्वरनं कुलूप काढलं. ती तडक आत गेली. उशाशी पेला पालथा होता. फरशी कोरडी ठाक.

ज्ञानेश्वरी पेल्याशेजारी खाली बसली. भीती कुठं गेली कोण जाणे, नुसतं रडूच फुटलं. पोटावर हात ठेवून ती म्हणाली,

"घेतली हो, आत्याबाई. आता तुम्ही निजा."