लपवलेली खुंटी

माझ्या सासऱ्यांना खोटं बोलता येत नाही. तशी वेळ आली की ते हातातल्या चहावर फुंकर मारतात, मग तो चहा तासाभरापूर्वी थंड झालेला का असेना. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट सासूबाईंनी मला कानात सांगितली होती, आणि कपाटाच्या किल्ल्यांपेक्षा तीच मला जास्त उपयोगी पडली. तरीही गेल्या आठवड्यात बाबा तीन दिवस माझ्या शेजारी उभे राहून फुंकर मारत होते आणि मी तापट बाई मॉनिटरमध्ये डोकं खुपसून बसले होते.

आमचा घरचा छोटा कारखाना आहे. बाटल्यांना झाकणं बसवणारी यंत्रं आम्ही बनवतो. त्यांची कॉम्प्युटरवरची मॉडेलं बाबांनी सव्वीस वर्षं एकाच प्रोग्रॅममध्ये केली. तो प्रोग्रॅम आता एकाच म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चालतो, आणि तो कॉम्प्युटर सकाळी सुरू होताना असा कण्हतो की त्याला पाणी विचारावंसं वाटतं. शेवटी नवऱ्याने नवा प्रोग्रॅम घेतला आणि सगळी यंत्रं तिकडे न्यायचं काम माझ्या गळ्यात मारलं. पहिलं यंत्र गुरुवारपर्यंत हवं होतं. शुक्रवारी गिऱ्हाईक येणार होतं, त्याला मोठ्या झाकणासाठी बदललेलं यंत्र स्क्रीनवर चालताना बघायचं होतं.

"हे एकदा पलीकडे गेलं की मी सुटलो," बाबा म्हणाले.

घरी सासूबाईंनी त्यांच्या सुटकेची यादी तयारच ठेवली होती: गळके नळ तीन, कुरकुरणारी दारं दोन, आणि माळा. बाबांचा चेहरा मात्र सुटलेल्या माणसाचा नव्हता. ते सव्वीस वर्षं रोज साडेआठला त्या खुर्चीत बसत आले होते. खुर्चीचा एक हात तुटला होता, पण दुसरी खुर्ची आणू देत नव्हते.

सुटे भाग एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेणं सोपं असतं. अवघड असते ती असेंब्ली. कोण कोणाला टेकलंय, कोण कोणाभोवती फिरतं, ही नाती न्यायची असतात. साध्या फाइलीतून भाग आपापल्या जागी येतात खरे, पण एक ओढला तर शेजारचा ढिम्म हलत नाही. म्हणून नातीही उचलून नेणारं एक खास साधन आम्ही घेतलं होतं.

सोमवारी मी बटण दाबलं. यंत्राचे आठशे बेचाळीस भाग आले आणि स्क्रीनच्या मधोमध एकावर एक पडले. भंगारवाल्याने हातगाडी उलटी करावी तसा ढीग.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "छान. सगळं आलंय की."

"बाबा, हे यंत्र आहे का?"

"भाग तर सगळे दिसतायत," ते म्हणाले आणि चहावर फुंकर मारली.

मंगळवारी मी प्रत्येक भाग वेगळा तपासला. बुधवारी साधनाच्या सगळ्या सेटिंग्ज उलट्यापालट्या करून पाहिल्या. ढीग कधी डावीकडे पडला, कधी उजवीकडे. दर तासाला मी बाबांच्या टेबलाशी जायचे. हा दांडा कशाला बांधलाय? ही थाळी कुणाभोवती फिरते? ते आनंदाने सांगायचे, कागदावर काढून दाखवायचे, मधेच सव्वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या फिटरची गोष्ट घुसडायचे. मूळ दुखण्याबद्दल मात्र ताकास तूर लागू देत नव्हते. नवरा दिवसातून चारदा "झालं का गं?" विचारायचा, आणि मी त्याला दिलेली उत्तरं इथे लिहिण्यासारखी नाहीत.

गुरुवारी सकाळी शेवटी मी ते केलं जे शहाणा माणूस सोमवारीच करतो. साधनाने दिलेला अहवाल वाचला. सहाशे अकरा तक्रारी होत्या आणि सगळ्यांचं रडगाणं एकच: खुंटी नावाचा भाग सापडत नाही.

"बाबा, खुंटी काय आहे?"

"कसली खुंटी?" फुंकर. कप तर रिकामाच होता.

मी उठले आणि सरळ त्यांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला लपवलेले सगळे भाग दाखवायला सांगितले. यंत्राच्या पायथ्याशी, अगदी मध्यभागी, अंगठ्याएवढी एक खुंटी उगवली. आठशे बेचाळीस भागांचं अख्खं गणगोत तिला बांधलेलं होतं. आमचं साधन लपवलेले भाग नेत नाही, त्यामुळे ती एकटी मागे राहिली आणि बाकीचे सगळे कोसळले.

बाबा तरुणपणी फिटर होते. तेव्हा यंत्र उभं करताना जमिनीत खुंटी ठोकायची आणि सगळी मापं तिच्यापासून घ्यायची, ही त्यांची सवय. कॉम्प्युटर आला तरी त्यांनी खुंटी सोडली नाही. पण एकदा ती सुट्या भागांच्या यादीत छापली गेली आणि एका गिऱ्हाइकाने जादाच्या म्हणून बारा मागवल्या. लेथवाल्याने निमूटपणे बनवूनही दिल्या. बाराव्या खुंटीपर्यंत कुणालाच कळलं नाही की यंत्रात तिला जागाच नाही. तेव्हापासून बाबा तिला लपवायला लागले.

त्या बारांपैकी एक बाबांच्या टेबलावर कागद दाबून बसली होती. तीन दिवस मी तिच्याशेजारी कोपर टेकून प्रश्न विचारत होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"तुम्हाला कधी कळलं होतं?"

"सोमवारी," ते म्हणाले. "ढीग बघितला तेव्हाच."

माझा पारा चढला. तीन दिवस! मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते खुर्चीच्या तुटक्या हाताकडे बघत म्हणाले, "तू दर तासाला विचारायला येत होतीस. फार वर्षांनी कुणी असं विचारत होतं गं. मग उद्या सांगू, उद्या सांगू, असं होत गेलं."

मला वाईट वाटलं, आणि त्यांचा राग आला तो आलाच, दोन्ही एकदम.

खुंटी उघडी ठेवून मी बटण दाबलं. यंत्र ताठ उभं राहिलं. चाक फिरवलं, थाळी फिरली, झाकणं एकेक करून खाली आली. बाबांनी दोनदा फिरवून घेतलं. मग चष्मा डबीत ठेवला आणि टेबलाचा खण आवरायला लागले.

नवरा आत आला, स्क्रीन बघून खूश झाला. "वा! आता बाकीची तीस यंत्रं. किती दिवस?"

खुंटी दाखवायची, बटण दाबायचं. तीस यंत्रं म्हणजे फार तर दोन दिवस.

"सहा महिने," मी म्हणाले. "तेही बाबा रोज आले तर."

थेंबभरही चहा नसलेला माझा कप मी उचलला आणि त्यावर फुंकर मारली. नवऱ्याला काही कळलं नाही. बाबांनी हळूच खण बंद केला, चष्मा परत चढवला.

"आठ धर," ते म्हणाले. "काही यंत्रांत दोन-दोन खुंट्या आहेत."