मूठ मिटते, कोपराचं काय?

इस्त्रीवाल्या आक्काच्या धाकट्या भावाला लग्नानंतर पाच वर्षांनी मुलगी झाली, त्याच वर्षी फुंकरबाबाचं प्रस्थ माजलं. बाजारातल्या दुकानावरच्या हॉलात सकाळपासून रांग लागायची. जन्मताना मानेपाशी ताण बसून ज्यांचा हात लुळा पडला, अशी तान्ही पोरं घेऊन आया जिन्यावर ताटकळत. बाबा लुळ्या हातावर फुंकर मारी, तळव्यात बोट ठेवी, आणि बाळाची मूठ गच्च मिटे!

"आला! जीव आला!" हॉल दणाणून जाई.

आक्काची भाची पावणेतीन महिन्यांची होती; तिचाही एक हात असाच लुळा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "तिसरा महिना सरेपर्यंत कोपर आपणहून वाकलं नाही, तर ताबडतोब शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना दाखवा. फार उशीर झाला तर नसा जोडूनही हात उचलणार नाही." बाबा म्हणे, "वर्षाच्या आत सुरी लावाल तर शक्ती कोपेल." भावाने बाबाचं मनावर घेतलं होतं.

रांगेत आक्काने सहज भाचीच्या लुळ्या हाताच्या तळव्यात आपलं बोट घातलं. मूठ मिटली! तिने पुढच्या बाईला विचारलं, "तुझ्या बाळाला बोट लावून बघू का गं?" त्याचीही मिटली.

"आक्का, बाबांच्या आधी हात लावू नकोस!" भाऊ कुजबुजला.

"गप रे. मी काय इस्त्री फिरवतेय?"

नंबर आला. बाबाने गाल फुगवले. आक्का आडवी आली.

"थांबा. मूठ मलाही मिटवता येते. तुम्ही कोपर वाकवून दाखवा."

"बाई, शंका आली की शक्ती निघून जाते."

"भित्रीच दिसते तुमची शक्ती! डॉक्टरीणबाईंना शंभर शंका विचारल्या, त्या नाही पळाल्या."

जिन्यावर कुणीतरी फिसकन हसलं. आक्का वळून ओरडली, "बायांनो, आपापल्या पोरांच्या तळव्यात बोट घालून बघा!"

एकेक बोट गेलं, एकेक मूठ मिटली. बाबा 'अपशकुनी, अपशकुनी' करत राहिला. भावाने पोर उचललं. "चल आक्का, दवाखान्यात."

अशा बहुतेक बाळांच्या खांद्याकोपराच्या नसा दुखावतात, पंजाच्या शाबूत असतात. आणि तान्हं बाळ तळव्यात आलेलं काहीही पकडतंच. ज्याची मूठ मिटत नसे, त्याला बाबाचा चेला आधीच हेरून 'पूर्वजन्मीचं पाप' म्हणून दारातूनच परतवी. पुष्कळ हात आपसूक सुधारतात, ते श्रेय बाबाचं. नाही सुधारले, तर आईची श्रद्धा कमी पडली! चमत्कार पाहिलात की एवढंच विचारा: फुंकरीआधी हे होत नव्हतं, हे कुणी तपासलंय?

तीन महिने सरले तरी भाचीचं कोपर वाकलं नाही. पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. हात अजूनही पुरता डोक्यावर जात नाही, पण घास तोंडाशी नेतो. भाची नववीत गेली त्या वर्षी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आक्का हृदयविकाराने वारली.