खपली पडेपर्यंत

बुधवारी ओठाच्या कोपऱ्यात चुरचुरलं आणि मी ओळखलं, आला मेला परत. हर्पीसचा फोड. दोन-तीन वर्षांनी न बोलावता येतो, पण या वेळी त्याने मुहूर्त अगदी वेचून काढला होता. रविवारी मुलगा, सून आणि सव्वा महिन्याची नात चार तासांसाठी येणार होती. इथून थेट विमानतळ, मग तीन वर्षं परदेशात.

डॉक्टरीणबाईंनी पातळ औषधाची इवलीशी बाटली दिली. "कापसाच्या काडीने दिवसातून चार वेळा लावा. बोट लावायचं नाही. आणि खपली पडेपर्यंत बाळाचा पापा घ्यायचा नाही हं, आजी. तान्ह्या जिवावर बेततं."

"रविवारपर्यंत पडेल ना?"

"सांगता येत नाही."

मी चार गजर लावले. औषध लावलं की तोंडात कच्च्या लसणाची चव येई. एरवी घरात बोलायला कुणी नाही, म्हणून त्या फोडाशीच बोलले. आधी गोडीगुलाबीने, मग शिव्या देऊन. तो ढिम्म.

रविवारी सकाळीही फोड ओलाच. मग मी जुनी पेटी उघडली. तीस वर्षं नाटकवाल्यांचे चेहरे रंगवलेत मी. पडदा उघडायच्या आत देवीचे व्रणसुद्धा गायब केलेत. पाच मिनिटांत फोड दिसेनासा झाला. फक्त मांडीवर घ्यायचं, पापा नाही, असं आरशातल्या बाईला बजावलं.

"आई, काय दिसतेस!" मुलगा दारातच म्हणाला.

सुनेने पिशव्या ठेवायच्या आधी बाळ माझ्याकडे दिलं. "घ्या, आई. कधीची वाट बघताय."

नात हातात आली, कोमट, दुधाच्या वासाची. माझी मान आपोआप खाली गेली. बोटभर अंतर उरलं असेल, तेवढ्यात माझ्याच श्वासातला औषधाचा लसणासारखा वास मला आला.

"घे तिला! आधी घे!" मी ओरडले. सुनेने बाळ ओढूनच घेतलं. मी रुमालाने ओठ पुसून दाखवला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं.

ती दोन पावलं मागे सरली. बरोबरच केलं तिने. तरी मला लागलं.

चार तास मी समोरच्या खुर्चीत बसून नात बघितली. मास्क लावून तिला मांडीवर घेऊ का, असं विचारावंसं फार वाटलं. पण फोड लपवणाऱ्या बाईने कुठल्या तोंडाने मागायचं? निघताना मुलाने माझा हात नुसता धरून ठेवला.

गुरुवारी खपली पडली. डॉक्टरीणबाईंनी उजेडात ओठ नीट पाहिला.

"झाला की स्वच्छ! आता घ्या हवे तेवढे पापे."

मी बरं म्हटलं आणि घरी आले.