मोहाखालचा दात

मी चंद्रपूरच्या एका प्रयोगशाळेतला कॉलम. कॉलम म्हणजे वीतभर पोलादी नळी, आत पांढरी भुकटी ठासलेली. दिसायला सायकलच्या पंपाचा धाकटा भाऊ, पण नखरे राजाचे. गाळून न घेतलेलं पाणी मला चालत नाही. माझं काम बघणाऱ्या रीताबाई जवळच्याच मूल गावच्या. माझी सगळी थेरं त्या निमूट सोसत.

दातात अमिनो आम्लं असतात. ती दोन तऱ्हेची, डाव्या-उजव्या चपलेसारखी, एकमेकांची आरशातली रूपं. शरीर डावीच घडवतं. वय वाढतं तशी त्यांतली चिमूटभर उलटतात. मी एकाला आधी सोडतो, दुसऱ्याला रोखून धरतो. उलटलेली किती ते कळलं, की माणसाच्या वयाचा अंदाज येतो.

२००३ च्या उन्हाळ्यात गडचिरोलीकडच्या जंगलात एक जबडा सापडला. तिथल्याच गावातल्या सोमारीबाईंचा तरणाताठा मुलगा लोकेश दोन वर्षांपासून बेपत्ता होता. गाव म्हणे, तोच हा, आता क्रियाकर्म उरका. सोमारीबाई ऐकेनात. शेवटी पोलिसांनी एक दात आमच्याकडे पाठवला.

रीताबाईंनी अर्ध्या दाताची पूड करून, आम्लात विरघळवून माझ्यातून सोडली. उलटलेल्यांचं शिखर आलेखाच्या कागदावर चांगलंच उंच उमटलं. वय साठीच्या घरात! मी खूश. माझी मोजणी चुकत नाही.

सोमारीबाई स्वतःच विचारायला आल्या. साठी ऐकताच त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि हसल्या. "म्या म्हणलंच होतं, माहा नाई!"

रीताबाई मात्र उरलेला अर्धा दात उजेडात फिरवत होत्या. एका बाजूनं तो करपला होता.

"मावशी, जबडा कुठी भेटला?"

"मोहाखाली. मलेच दिसला. फुलं वेचाले पाला जारला, मंग राखेत दिसला."

रीताबाईंचा आवाज खाली आला. "आगीनं बी तसंच होते, मावशी. तरण्याचा दात म्हाताऱ्यावानी दिसते. हे वय धरता येत नाई."

"मंग माहा हाये का नाई?"

"सांगता येत नाई."

मला फार वाईट वाटलं. मी बिनचूक मोजलं होतं. पण ती आम्लं वर्षांनी उलटली की आगीनं, हे मला कळतच नाही.

सोमारीबाई उठल्या. "आता पाला जारायचा नाई," त्या म्हणाल्या. "अजून काई असंल त्याचं तिथी."

माझी भुकटी आता दबली आहे. मी खणात पडून असतो. माझ्या जागी नवा आला आहे. बाबा रे, आकडा काढशील, पण दात कुठं पडला होता ते आधी रीताबाईंना विचारू दे.

रीताबाई मध्ये त्या गावी जाऊन आल्या. सोमारीबाई दर उन्हाळ्यात मोहाखालचा पाला खराट्यानं झाडतात, मूठमूठ चाळतात. काही सापडलं नाही, की मग फुलं वेचायला बसतात.