जुन्या प्रयोगशाळेवरची पाटी

विद्यापीठाला दीडशे वर्षं झाली म्हणून गावातल्या सोळा जुन्या वास्तूंवर पितळी पाट्या लावायचं ठरलं, आणि ते काम पाटीवालीकडे आलं. दारावरच्या पाट्या, कोनशिला, बक्षिसांचे चषक असं सगळं ती हातानं कोरायची. चाळिशीच्या या बाईचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

सातव्या पाटीचा मजकूर वाचून ती थबकली. जुनी रसायन प्रयोगशाळा. 'येथे संशोधकांच्या तीन पिढ्या घडल्या.' बस, एवढंच. आगीबद्दल चकार शब्द नाही. त्या आगीत प्रयोगशाळेचा शिपाई, म्हणजे तिचे वडील, जळून गेले होते. तेव्हा ती चार वर्षांची होती.

ती तडक पाट्यांचं काम बघणाऱ्या समितीच्या सचिवांकडे गेली. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, मऊ बोलणारा माणूस.

"सर, एक ओळ वाढवायचीय. आगीची. पाटीवर जागा आहे, मी मोजून पाहिलंय."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "ताई, हा विषय राहू दे."

"नाव नका घालू हवं तर. एक कर्मचारी गेला, एवढं तरी?"

ती हटेना, तेव्हा त्यांनी कपाटातून चौकशीची फाईल काढून तिच्यापुढे सरकवली. शिपायानं दारूच्या नशेत गॅसचा नळ उघडा ठेवला, असा निष्कर्ष होता. खाली पत्नीचा जबाब: माझे पती रोज पीत असत, त्या दिवशीही प्यायले होते. त्याखाली सही. अक्षर ओळखणं हा तिचा धंदाच होता. सही आईची होती.

घरी आई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती.

"बाबा प्यायचे?"

आईचे हात थांबले. "कधीच नाही. त्यांना नुसत्या वासानं मळमळायचं."

"मग जबाबावर तुझी सही कशी?"

आई खाली बसली. "नळ गळतोय म्हणून त्यांनी तीनदा लिहून दिलं होतं. ते बाहेर आलं असतं तर प्रयोगशाळेचे साहेब गोत्यात आले असते. आगीनंतर दहाव्या दिवशी विद्यापीठाची माणसं आली. म्हणाली, सही करा, ही खोली तुमच्याकडे राहील, वसतिगृहात भांड्यांचं कामही मिळेल. धाकटा अंगावर पीत होता."

"आणि तू केलीस?"

"मेलेल्याला भूक लागत नाही गं. तुम्हाला लागायची."

त्यानंतर नऊ दिवस ती आईशी बोलली नाही. एकाच खोलीत दोघी एकमेकींकडे पाठ करून जेवायच्या. पाटी तिनं दिलेल्या मजकुराप्रमाणे कोरली. हात कुठेही चुकला नाही, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

दहाव्या दिवशी सकाळी आई इस्त्रीची साडी नेसून दारात उभी राहिली. "चल, तुझ्या सरांकडे."

समितीची बैठक चालू होती. पाच जणांसमोर आई म्हणाली, "माझा जबाब खोटा आहे. ते पीत नव्हते. नळ गळका होता."

सचिवांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. एका सभासदानं अदबीनं विचारलं, "आजी, काही पुरावा?"

"मी आहे ना."

कुणीतरी हळूच म्हणालं, "वय झालं की असं होतं." खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं. अखेर अर्ज लिहून घेतला. आईनं थरथरत सही केली. कारकुनानं ती जुन्या जबाबावरच्या सहीशी ताडून पाहिली आणि शेऱ्यात लिहिलं: सही जुळत नाही.

पाटीवाली संतापून उठली, पण आईनं तिचा दंड धरला. "चल घरी. माझं सांगून झालं."

प्रयोगशाळेवरच्या पाटीच्या अनावरणाला आई हट्टानं गेली आणि मागे उभी राहिली. भाषणं संपून लोक चहाकडे वळले तेव्हा ती पाटीजवळ गेली आणि अक्षरांवरून बोट फिरवत तिनं सगळं वाचलं.

"छान कोरलंयस," ती म्हणाली.

उरलेल्या नऊ पाट्या पाटीवालीनं वेळेत दिल्या. अर्जाचं विचारायला ती पुढे कैकदा कचेरीत गेली. दर वेळी पुढच्या बैठकीत घेऊ असं उत्तर मिळालं. आईशी ती पुन्हा बोलू लागली, बाजारहाट, दुखणी-खुपणी, धाकट्याची पत्रं. बाबांचा विषय मात्र दोघींनी परत काढला नाही.