मैनाबाईचं बोट

माझा स्वभाव तापट आहे, हे साऱ्या पाचपावली वस्तीला ठाऊक आहे. पण ज्या दिवशी तापायला हवं होतं, नेमका त्याच दिवशी मी थंड बसलो.

सदुसष्ट सालची निवडणूक. आमची प्राथमिक शाळा हेच मतदान केंद्र, आणि तिथला मास्तर म्हणून केंद्राध्यक्ष मी. एकानं दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला लावायची न पुसणारी शाई तेव्हा लोकांच्या सवयीची नव्हती. निवडणुकीच्या साहेबांनी बजावलं होतं, "बोटावर आधीच डाग दिसला तर मत नाही. मग समोर सख्खा बाप असला तरी."

अकराच्या सुमारास मैनाबाई आली. कोष्ट्यांच्या वस्तीत ती सूत रंगवायची, आणि पहाटे शाळेसमोरच्या नळाला पाणी आलं की रांग लावायची. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. पण "तुळजाबाई, तुहा नंबर सातवा" असं ती म्हणाली की तो सातवाच. पन्नास घरांत एक नळ, तरी भांडण नाही.

तिनं बोट पुढे केलं. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे.

"सुताचा रंग हाय मास्तर. काल काळं सूत रंगवलं."

मी घासलेटाच्या बोळ्यानं बोट घासून पाहिलं. रंग हलेना.

तेवढ्यात एका उमेदवाराचा प्रतिनिधी मारोतराव खुर्चीवरून उठला. "हातच्या काकणाले आरसा कायले पाह्यजे? दुसरीकडं मत देऊन आली अन् वरून रंग लावला. बोगस हाय, बोगस! मी तक्रार लिहून राह्यलो."

मतदार यादी माझ्यापुढंच होती. मैनाबाईच्या नावावर रेघ नव्हती, म्हणजे तिचं मत झालेलं नव्हतं. त्याहून मोठी गोष्ट, मी तिला दहा वर्षं ओळखत होतो. पण तक्रार म्हटल्यावर मला माझी नोकरी जाताना दिसायला लागली.

"नियम आहे बाई. बाजूला व्हा."

"तुमी मले वळखत नाही?"

मी यादीत डोकं खुपसलं. तिच्यामागं रांगेत रंगकाम करणाऱ्या आणखी बायका होत्या. त्यांनी आपापल्या हातांकडं पाहिलं आणि एकेक करून निघून गेल्या. सोळा जणी.

तिसऱ्या दिवशी नळावर मैनाबाईनं नेहमीसारखे नंबर सांगायला सुरुवात केली, तशी रंभाबाई फिस्कारली, "तू काहून नंबर सांगतं वं? दोनदा मत देणारी तू, बादलीही दोनदा भरशील!"

बायका हसल्या. मैनाबाईनं आपली घागर उचलली आणि जाऊन सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली. त्यानंतर तिनं कुणाला नंबर सांगितला नाही.

मग नळावर रोज महाभारत. घागरी फुटल्या, एकदा डोकं फुटलं, हवालदार आला. पोरं उशिरा शाळेत यायची, कारण आईनं जागा धरायला बसवलेली. रेशन दुकानदारसुद्धा रंगकामाच्या बायकांना म्हणायचा, "आधी बोट दाखवा." वर्गाच्या खिडकीतून मला हे सगळं दिसे आणि मी पोरांवर खेकसत असे. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती मी. मला एका जागी बसवेना. घरी जाताना नळ टाळून मी मागच्या गल्लीनं सायकल काढायचो. पाच वर्षं.

बहात्तरला पुन्हा तेच केंद्र माझ्याकडं आलं. साहेबांनी पुन्हा तेच बजावलं. मी भर बैठकीत उठून विचारलं, "रंगकाम करणाऱ्यांचं काय, साहेब?" ते म्हणाले, "पुढचा प्रश्न." मी तिथून थेट मैनाबाईचं घर गाठलं.

"बाई, या वेळी या. मी पाहतो."

ती हंड्यातलं सूत ढवळत होती. मान वर न करता म्हणाली, "तवा काय पाहत होते?"

मतदानाच्या सकाळी दार उघडलं, तर पहिली मैनाबाई आणि तिच्यामागं त्याच सोळा जणी. आठ दिवस कुणीच रंगात हात घातला नव्हता. चिंच आणि चुना चोळचोळून काळेपणा काढला होता, त्यासोबत कातडीही निघाली होती. मैनाबाईच्या सोललेल्या बोटावर मी शाई टेकवली तेव्हा तिनं श्वास आत ओढला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मारोतराव समोरच होता. त्याला ऐकू जाईल असं मी म्हणालो, "मागच्या वेळी मी चुकलो बाई. यादीत तुमच्या नावावर रेघ नव्हती."

"इथं कोन आयकून राह्यलं? चार मानसं," ती म्हणाली. "माह्य नाव नळावर गेलं. तिथं सांगा."

माझ्या घरी नळ आहे. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे बादली घेऊन मी शाळेसमोर गेलो. ढकलाढकली चालली होती. "ऐका हो," म्हणालो, कुणी ऐकेना. तेव्हा मात्र मी तापलो. बादली दगडावर आपटली.

"मैनाबाईनं दोनदा मत दिलं नव्हतं! एकदासुद्धा दिलं नव्हतं! मी तिला परत पाठवलं. ती खरी आहे हे मला ठाऊक होतं, तरी पाठवलं. नोकरीला भ्यालो मी."

ढकलाढकली थांबली. नळ तसाच वाहत होता.

"एवढं सांगाले पाच वर्स लागले तुमाले?" रंभाबाई म्हणाली.

म्हाताऱ्या तुळजाबाईनं तोटीखालची आपली घागर काढून घेतली, आणि शेवटी उभ्या असलेल्या मैनाबाईकडं वळून विचारलं, "मैना वं, माहा नंबर कितवा?"

मैनाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग ती पुढं आली. शाईचं बोट एकेकीकडं करत तिनं नंबर सांगितले. तुळजाबाई तिसरी, रंभाबाई नववी.

"अन् मास्तर, तुमचा शेवटचा."

मी बादली उचलली आणि शेवटी जाऊन उभा राहिलो.